न हलणारा कम्प्युटर

॥ श्री भैरवनाथ प्रसन्न ॥

मु. पो. पासली, ता. वेल्हे
शुक्रवार, दसरा होऊन आज सात दिवस झाले

श्रीयुत सोमनाथराव यांना, मु. पो. किकवी,

कुंडलिकचा रामराम. आपण वयाने मोठे, माझ्या बायकोचे थोरले भाऊ आणि माझ्या मुलीचे सख्खे मामा, म्हणून सुरुवातीलाच हात जोडून घेतो. पत्र संपेपर्यंत ते जोडलेले राहतील याची हमी देत नाही. आमच्याकडे सगळं ठीक आहे. म्हणजे घरातली माणसं तिनाची दोन झाली आणि शेळ्या सहाच्या चार झाल्या, एवढं सोडलं तर ठीक आहे. चंद्राबाई वहिनींचे गुडघे कसे आहेत? त्यांना म्हणावं, दुधासाठी हायवे ओलांडून जाऊ नका, ट्रकवाले गुडघे बघून ब्रेक मारत नाहीत. तुमची साखर किती आहे ते विचारत नाही, कारण तुम्ही खरं सांगणार नाही. एस.टी. चालवत होता तेव्हा निदान डेपोचा डॉक्टर तरी तुम्हाला दटावायचा. आता तुम्हाला दटावणारा कोणी उरला नाही, ते काम आज मी करणार आहे.

आमच्या गावचा गेनबा उद्या सकाळी मोटरसायकलवरून किकवीला लेकीकडे निघाला आहे. त्याच्याबरोबर हे पत्र आणि पायलीभर तांदळाची पिशवी देतो आहे. तांदूळ इंद्रायणी, मागच्या सालचा, तुमच्या बहिणीने स्वतः पाखडलेला. पिशवीचं तोंड सुईदोऱ्याने शिवलेलं आहे. पत्र शेवटपर्यंत वाचल्याशिवाय पिशवी उसवू नये, ही विनंती. (तुम्ही पेपर शेवटच्या पानापासून वाचायला घेता हे मला ठाऊक आहे. पत्राला तसं करू नका.)

फोन का केला नाही असं तुम्ही म्हणाल. तुमच्या घरी फोन आला की तुम्ही तो स्पीकरवर टाकता आणि टीव्हीच्या बाजूला उभा करून ठेवता. मग आमची भांडणं वहिनी ऐकतात, शेजारीण ऐकते, दारात आलेला भंगारवाला ऐकतो. आता तर तिथे नूतनही आहे. माझी लेक माझ्याच तक्रारी तुमच्या घरात बसून ऐकणार, हे मला नको आहे. म्हणून किती वर्षांनी कोण जाणे, हातात पेन धरलं आहे.

तुम्हाला आठवत नसेल तर आठवण करून देतो, या सगळ्याची सुरुवात तुम्ही केलीत. नूतन भोरच्या आयटीआयमधून घराचे नकाशे काढायचा कोर्स करून आली, पुण्याच्या शेफाली मॅडमच्या ऑफिसात तिला काम मिळालं आणि ऑफिसनं दिलेल्या लॅपटॉपवर ती जेठापासून इथे घरात बसून काम करत होती, तोपर्यंत मी सुखी माणूस होतो. सकाळी शेतावर जाताना ती पडवीत दिसायची, दुपारी भाकरीला यायचो तेव्हा पडवीत दिसायची. पोरीला नोकरी आहे आणि पोरगी घरात आहे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी आमच्या खोऱ्यात कोणाच्या नशिबी आल्या असतील तर मला दाखवा. मग श्रावणात मॅडमनं लॅपटॉप परत मागितला. स्वतःचा कम्प्युटर असेल तर घरून काम कर, नसेल तर पुण्याला ये, असं सांगितलं. पोरीनं लॅपटॉप कापडात गुंडाळून पाठवून दिला. मांडीवर घेतलेलं कधी ना कधी उठून जातंच, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

आणि नेमका त्याच आठवड्यात तुमचा व्हिडिओ आला. त्यात एक गृहस्थ स्टेजवर उभा राहून टेबलावरचं फडकं उचलत होता आणि फडक्याखालचा डबा बघून समोरची शेकडो माणसं टाळ्या वाजवत होती. खाली तुम्ही लिहिलं होतं, 'दाजी, नवा डेस्कटॉप आला! लई स्वस्त! घरात बसून पुणं!' दुसऱ्या दिवशी तोच व्हिडिओ परत. तिसऱ्या दिवशी परत. थोरल्या नातवाच्या बारशालाही मी तुम्हाला इतकं हरखलेलं पाहिलं नव्हतं. (तुम्हाला त्या कम्प्युटरचं करायचं काय होतं? तुम्ही अजून मोबाईलवर गजर लावायला वहिनींना हाक मारता.) मग फोन करून तुम्ही मला शिकवलंत. तुमचे शब्द मला पाठ आहेत: "दाजी, लॅपटॉप म्हंजी उचलून न्यायचा. डेस्कटॉपचं तसं न्हाई. एकदा टेबलावर बसला की बसला. त्यो काय हलत न्हाई."

सोमनाथराव, त्यो काय हलत न्हाई, या चार शब्दांवर मी दोन शेळ्या विकल्या.

तुम्हाला थट्टा वाटेल, पण मी खरंच मोजून मापून विचार केला होता. मी तरुणपणी एका गावच्या सोसायटीत कम्प्युटर आलेला पाहिला होता. जीपमधून आला होता, उतरवायला तिघं लागले होते. त्याचं डोकं वेगळं, धड वेगळं, खाली आणखी एक पेटी. त्याला एका कोपऱ्यात बसवला तो बसवलाच. सेक्रेटरी बदलले, चेअरमन बदलले, छपराचा पत्रा उडाला, तरी तो कोपरा सोडून गेला नाही. माझ्या मनात भरला होता तो तसला कम्प्युटर. घरात एकदा का तसलं धूड येऊन बसलं, की ते सोडून पोरगी जाईल कशी आणि नेईल म्हटलं तरी उचलेल कोण? व्हिडिओतल्या माणसानं तो डबा तळहातावर घेऊन दाखवला होता, हे मला मान्य आहे. पण माझ्या मोबाईलमध्ये हत्तीसुद्धा बोटाएवढाच दिसतो. तो माणूस ज्या आकाराचा दिसत होता त्या मानाने मी अंदाज बांधला आणि माझा अंदाज चुकला.

ऑर्डर नूतननं केली. तिला डब्याचं माप माहीत होतं, मला नव्हतं, आणि मी विचारलं नाही. मी माझ्या तयारीला लागलो होतो. रायबा सुताराला बोलावून मधल्या घरात टेबल करून घेतलं. ऐनाचं लाकूड, चार बाय तीन, पाय असे की खाटेला लाजवतील. रायबा म्हणाला, "कुंडलिकराव, बाहेर अंगणात करतू, मग आत घेऊ." मी म्हटलं, नको, आतच कर. मला ते दारातून बाहेर न निघणारंच हवं होतं. तसंच झालंही. दार अडीच फुटी आणि टेबल तीन फुटी. (पुढे कळलं की मोबाईलची रेंज मधल्या घरात येत नाही, फक्त पडवीत शेळ्यांच्या खुंट्याजवळ येते. तेव्हा रायबा लांब कुठे तरी कामावर गेला होता.)

पार्सल वेल्ह्याला आल्याचा निरोप मिळाला तेव्हा मी टेम्पो केला. सोबत गेनबा आणि आणखी दोघं, दोन दोरखंड, खाली अंथरायला तीन गोधड्या. पार्सलवाल्यानं एक खोकं माझ्या हातात दिलं. मी ते गेनबाकडे दिलं आणि म्हटलं, हे झालं, आता कम्प्युटर द्या. तो म्हणाला, हाच कम्प्युटर. मी म्हटलं, हा त्याचा एखादा भाग असेल, मुख्य ऐवज कुठं आहे? त्यानं सही मागितली. मी सही करायला नकार दिला. गाडीत मागे जाऊन स्वतः बघितलं, तिथे कोणाची तरी साडी होती आणि एक मिक्सर होता. शेवटी नूतनला फोन लावला. ती म्हणाली, "आबा, बरुबर हाय वो, घिऊन या." भाकरीच्या डब्याएवढी वस्तू आम्ही चौघांनी टेम्पोत तीन गोधड्यांवर ठेवून पासलीला आणली. वाटेत गेनबा तिच्यावर हात ठेवून बसला होता, उडून जाईल म्हणून. त्याला तेव्हाच कळलं होतं असं म्हणायला हवं.

घरी आल्यावर आणखी एक कळलं. त्या डब्याला तोंडच नाही. पडदा नाही, बटणं नाहीत, नुसता डबा आणि एक जाडजूड वायर. हे तुमच्या व्हिडिओत कुणी सांगितलं नव्हतं. बटणांची पाटी भोरच्या बाजारातून आणावी लागली आणि पडद्याच्या जागी आमचा टीव्ही गेला. तुमच्या बहिणीची सहा वाजताची मालिका त्या दिवशी बंद झाली. त्या मालिकेतल्या सुनेचं पुढे काय झालं हे तिला आजतागायत ठाऊक नाही आणि त्याचा राग ती भाजीच्या मिठातून काढते आहे.

पण खोटं का बोलू. पडवीत तांदळाच्या पोत्यावर टीव्ही मांडून पोरीनं तो डबा पहिल्यांदा चालू केला आणि तिचं तोंड असं फुललं, की मी शेळ्या विसरलो. डबा आवाज करत नव्हता, तापत नव्हता, हाताचा पंजा पसरला तर झाकून जात होता. नूतन म्हणाली, "आबा, ऑफिसच्या लॅपटॉपपरास लई पळतंय ह्ये." तिनं माझ्या पाया पडून तो घेतला. माझ्या आयुष्यात मी कोणाला दिलेली कुठलीच वस्तू इतकी कामाला आली नव्हती. महिनाभर ती त्या डब्यावर नकाशे काढत होती आणि मी त्या मधल्या घरातल्या टेबलावर हात फिरवत होतो.

नकाशे कोणाचे, ते तुम्हाला सांगायला हवं. पानशेतच्या बाजूला धरणाच्या कडेने शहरातली माणसं जे बंगले बांधतात, त्यांचे. शनिवारी यायचं, 'किती शांत आहे इथे, इथेच राहावंसं वाटतं' असं म्हणायचं, मटणाचं ताट मागवायचं आणि रविवारी संध्याकाळी ट्रॅफिक लागायच्या आत निघून जायचं. पोरगी त्यांच्या प्रत्येक खोलीला दरीकडे उघडणारी खिडकी काढायची. एकदा मला म्हणाली, "आबा, आपल्या घराला का न्हाई वो दरीकडं खिडकी?" मी म्हटलं, दरीकडून पाऊस येतो म्हणून नाही. ज्यांना पाऊस फक्त बघायचा असतो त्यांना खिडकी लागते. तिला हसू आलं, पण मी चेष्टा करत नव्हतो. या खोऱ्यात राहावंसं वाटणारी माणसं राहत नाहीत, आणि जी राहू शकतात त्यांना पुण्याला बोलावलं जातं, याचा मला मनापासून संताप येतो.

आता खंडेनवमीकडे येतो. ही गोष्ट तुमच्या कानावर नूतनच्या तोंडून आलीच असेल, पण ती मला सांभाळून घेऊन सांगते. मी तसं करणार नाही.

आमच्या घरची रीत तुम्हाला ठाऊक आहे. खंडेनवमीला घरातलं झाडून सगळं हत्यार धुऊन मांडायचं, कोयता, विळे, टिकाव, पहार, नांगराचा फाळ. हळदकुंकू लावायचं, झेंडूची माळ घालायची आणि दुसऱ्या दिवशी सोनं वाटून होईपर्यंत त्यातल्या एकालाही हात लावायचा नाही. वर्षभर राबलेल्या हत्याराला एवढी एक सुट्टी. माझ्या वडिलांनी एकदा अंगणात साप निघाला तरी पूजेतला कोयता उचलला नव्हता. (साप त्यांनी झाडूने हाकलला.) तर यंदा मला वाटलं, आपल्या घरात एक नवीन हत्यार आलं आहे. आपल्या लेकीचं. घराण्यात आजवर कोणी असलं हत्यार चालवलं नाही. ते पूजेत नको का? मी सकाळी उठून तो डबा पुसला, टेबलावर, हो, त्याच ऐनाच्या टेबलावर, कोयता आणि फाळाच्या मध्ये ठेवला, कुंकवाचं बोट लावलं, माळ घातली. शेजारपाजारची माणसं दर्शनाला आली. सोजराबाई म्हातारी त्याच्यापुढे डोकं टेकून गेली. त्या टेबलाचा आयुष्यातला पहिला आणि शेवटचा उपयोग झाला. आणि मी सगळ्यांच्या देखत, छाती पुढे काढून, बोलून बसलो: भैरवनाथाची आण, उद्या सोनं वाटून होईपर्यंत याला कोणी शिवायचं नाही.

नूतन तेव्हा पाणी आणायला गेली होती. ती आली, तिनं टेबलाकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. मला बाजूला घेऊन म्हणाली, "आबा, आज चार वाजेपतूर ड्रॉईंग द्यायचंय वो. पानशेतच्या त्या बंगल्याचं उद्या भूमिपूजन हाय, दसऱ्याचा मुहूर्त हाय त्यांचा. दोनच तासांचं काम ऱ्हायलंय."

सोमनाथराव, मी त्या वेळी काय करायला पाहिजे होतं ते मला आज समजतं. माळ काढायची, देवाला हात जोडायचे आणि डबा पोरीच्या हातात द्यायचा. भैरवनाथ आमचाच आहे, तो काही पुण्याच्या ऑफिससारखा नाही, समजून घेतो. पण पडवीत माणसं बसली होती. सोजराबाई अजून दारातच होती. मी म्हटलं, हत्याराला आज सुट्टी आहे, तुझ्या मॅडमला सांग. तिनं सांगितलं. मॅडमनं काय ऐकलं असेल ते मॅडमलाच ठाऊक. 'माझा कम्प्युटर पूजेला बसलाय, उद्या उठेल,' हे पुण्यात कसं वाटलं असेल याची कल्पना मी इतके दिवस करतो आहे आणि दर वेळी माझे कान तापतात.

ती मनात आणती तर उचलू शकत होती. तिनं उचलला नाही. माझा शब्द माणसांसमोर गेला होता, म्हणून दिवसभर पडवीत खुंट्याजवळ, जिथून ते टेबल दिसतं तिथे, जमिनीवर बसून राहिली आणि मोबाईलवर येणारे फोन बघत राहिली. चार वाजले, पाच वाजले. मी झेंडूची माळ नीट केली.

दसऱ्याला आम्ही इथे आपट्याची पानं वाटली आणि तिकडे त्यांचं भूमिपूजन नकाशाशिवाय झालं. कुदळ मारायची कुठे हे ठरेना म्हणून मालकानं अंदाजाने मारली, आणि नंतर मॅडमवर तोंडसुख घेतलं. संध्याकाळी मॅडमचा फोन आला. मी पडवीत होतो, सगळं ऐकू आलं. बाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर मला भांडता आलं असतं. शांतपणे म्हणाल्या, "नूतन, तुझं काम चांगलं आहे, म्हणून काढत नाही. पण गावाकडून हे जमणार नाही. सोमवारपासून एक आठवडा देते, राहायची सोय बघ. पुढच्या सोमवारी तुझा कम्प्युटर घेऊन इथे ऑफिसात बसायचं. इथे टेबलं आहेत, मशीन नाही."

म्हणजे बघा. जो कम्प्युटर मी पोरगी घरात राहावी म्हणून आणला, तो घेऊनच तिला जायचं होतं. मला वाटलं, कम्प्युटर न्यायचा म्हटल्यावर टेम्पो लागेल, माणसं लागतील, मी टेम्पोवाल्यांना फोन करून नाही म्हणायला सांगेन. नूतननं रविवारी संध्याकाळी तो डबा एका टॉवेलात गुंडाळला आणि खांद्याच्या पिशवीत टाकला. वर दोन ड्रेस, चटणीची बाटली, कंगवा. पिशवीची चेनसुद्धा सहज लागली. मी टेबलाला टेकून उभा होतो.

सोमवारी सकाळी ती भैरवनाथाच्या पाया पडून आली, पिशवी तपासली आणि त्यातली ती जाडजूड वायर नव्हती. डब्याला वीज देणारी, त्याच्याबरोबर आलेली. शोधाशोध झाली. पडवी, मधलं घर, शेळ्यांचा गोठा, माळा. टेबलाखाली मी स्वतः बॅटरी धरून वाकलो. पोरीनं भाताच्या कणगीतही कोपरापर्यंत हात घालून पाहिला, थोडा वेळ तसाच ठेवला, मग काढून झटकला आणि म्हणाली, "आबा, हितं बी न्हाई." तेवढ्यात एस.टी.नं हॉर्न दिला. दिवसाला मोजक्या गाड्या, ती चुकली तर दुपारपर्यंत थांबा. तिला थांबायचं नव्हतं. वायरीशिवाय गेली.

तिथून तुमच्याकडे. 'मामाकडं ऱ्हाईन, किकवीवरनं रोज बस हाय,' असं तिनं मला सांगितलं नव्हतं, तुमच्या बहिणीला सांगितलं होतं, आणि तुमच्या बहिणीनं मला ती गेल्यावर सांगितलं. म्हणजे तुम्हा भावाबहिणीचं आधीच ठरलेलं होतं. व्हिडिओ पाठवणारे तुम्ही, हलत नाही म्हणणारे तुम्ही, आणि हलल्यावर तो ज्या घरात जाऊन बसला ते घरही तुमचंच. तुमच्या पोराची खोली रिकामी होती, आता भरली. मी यावर जास्त बोलत नाही, कारण बोललो तर हे पत्र गेनबाच्या हाती देता येणार नाही. पण मला तुमचा राग आला आहे हे स्पष्ट लिहून ठेवतो.

मंगळवारी पोरीचा फोन आला होता. "आबा, वायर गावली का वो?" मी म्हटलं, नाही बाई. बुधवारी तुमचा आला. शिरवळ पालथं घातलं, नसरापूर पालथं घातलं, तसली वायर कुठे नाही, मशीन नवीन आहे, मागवली तर पंधरा दिवस. आणि सोमवारी मॅडमसमोर चालू कम्प्युटर घेऊन बसायचं आहे, नाहीतर त्यांनी दुसरी मुलगी बघून ठेवली आहे, असंही तुम्ही सांगितलंत. यावर मी काय बोलणार? वायर इथे नाही. मी घर उलटंपालटं केलं आहे. तुमच्या स्वस्तातल्या कम्प्युटरची वायर कुठे हरवली याला मी जबाबदार नाही. पोरीनं परत यायचं म्हटलं तर घर तिचंच आहे, टेबल तयार आहे, शेळ्या चार उरल्या आहेत.

कोजागिरीला तुमच्या बहिणीनं सवयीनं तिघांचं दूध आटवलं. दोघांनी ते संपवलं. टीव्ही परत आत आणून लावला, पण केबलवाला आला नाही, त्यामुळे निळ्या पडद्यावर सिग्नल नाही अशी पाटी दिसते आणि आम्ही दोघं ती बघत जेवतो.

लिहिण्यात वाकडं काही गेलं असेल तर तुम्ही मोठे आहात, पोटात घाला. नाही घातलंत तरी माझी हरकत नाही. वहिनींना नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद.

आपला,
कुंडलिक

ता. क. १ : पंधरा दिवसांची ती वायर मागवू नका. मागवली असेल तर रद्द करा.

ता. क. २ : वर मी लिहिलं की वायर इथे नाही. तुमच्या हाती हे पत्र पडेल तेव्हा ते खरं असेल. रविवारपर्यंत ती पिशवीत होती. सोमवारी पोरगी देवळात गेली तेव्हा मी ती काढली आणि कणगीत भाताखाली दाबली. मनात एवढंच होतं की वायरीसाठी तरी परत येईल. चार दिवसांत चार वेळा कणगीपाशी जाऊन आलो. साठीला आलेल्या माणसानं करायची ही गोष्ट नव्हती. खंडेनवमीला एक दिवस मी तिचं हत्यार अडवलं, ते निदान देवाच्या नावानं. हे मी चोरून केलं. पोरीनं कणगीत हात घातला तेव्हा वीतभर खाली गेली असती तर सापडली असती. आता ती वायर त्या तांदळाच्या पिशवीत मधोमध आहे, प्लास्टिकमध्ये बांधून. सोमवारच्या आत तिला द्या. टेबलाच्या मागे सापडली असं सांगा. मी स्वतः बॅटरी धरून टेबलाखाली वाकलो होतो, त्यामुळे मागे बघायचं राहिलं, असं म्हणता येईल.

ता. क. ३ : पत्र बंद करत होतो तर तुमच्या बहिणीनं पिशवी पुढे ओढली आणि माझ्या हातचं शिवलेलं तोंड ती परत एकदा दुहेरी दोऱ्यानं शिवू लागली. मी विचारलं, एवढं कशाला, तांदूळच तर आहेत. ती मान वर न करता म्हणाली, "तांदूळ हायती व्हय? बरं." मग सांगितलं. सोमवारी एस.टी.त चढताना नूतन तिच्या कानात बोलून गेली होती: "आई, वायर कणगीत हाय, माझ्या हाताला लागली. आबांना बोलू नगंस. त्यांचं त्यांना काढू दे." चार दिवस ही बाई माझ्यासमोर बसून जेवली आणि एक अक्षर बोलली नाही. उद्यापर्यंत मी काढली नसती तर ती स्वतः घेऊन किकवीला निघणार होती.

म्हणजे मंगळवारी फोनवर पोरीनं मला विचारलं तेव्हा तिला ठाऊक होतं, आणि मी नाही म्हटलं तेव्हाही.

तेव्हा टेबलाचं वगैरे काही सांगू नका. पिशवी तुम्ही उसवू नका. वहिनींनाही उसवू देऊ नका. नूतन घरी असली की सूप आणि पिशवी तिच्यापुढे ठेवा आणि म्हणा, आबांनी पाठवलेत, तूच निवड.